भूतकोळ्याचं पोट बघायचं तर: रेनॉक्स डीसीआर-२५०

पावसाळ्यात कुळागरात, म्हणजे गोव्यातल्या पोफळी-माडांच्या मिश्र बागेत, रात्री टॉर्च मारला की हळदीच्या नाहीतर पोफळीच्या रोपाच्या पानाखालून एखादा पांढुरका, जवळजवळ आरपार दिसणारा कोळी सरकन पलीकडे जातो. जाळं नाही, आवाज नाही, पान हललंसुद्धा नाही. फोनवर कसाबसा एक फोटो मिळतो आणि नावं सुचवणारं अ‍ॅप लगेच सांगतं: घोस्ट स्पायडर, म्हणजे भूतकोळी. नाव इतकं चपखल वाटतं की पुढे कुणी विचारत नाही. घोळ असा, की अ‍ॅपने कोळ्याची पाठ पाहिलेली असते आणि या घराण्याची खूण असते पोटावर. ती खूण दाखवू शकेल असं स्वस्तातलं साधन म्हणून रेनॉक्स डीसीआर-२५० या चिमट्याच्या भिंगाकडे बघायचं आहे. फुलं, फुलपाखरं, नाणी, अंगठ्या यांचे फोटो त्याने छान येतात हे सगळेच सांगतात. इथे कसोटी एकच: सहा-सात मिलिमीटरच्या जिवंत कोळ्याच्या पोटावरची श्वासाची फट त्यातून दिसते का?

आधी ही फट काय आहे ते बघू, कारण तिच्यावरच सगळं अडतं. घोस्ट स्पायडर म्हणजे अ‍ॅनिफेनिडी घराण्यातले कोळी. बहुसंख्य जाती अमेरिका खंडांतल्या, थोड्या युरोप-आशियातल्या. कोळ्याला उलटं केलं तर पोटाच्या पुढच्या भागात एक आडवी खाच दिसते आणि पार टोकाला रेशीम सोडणाऱ्या सूतग्रंथींची बोंडं. पानांवर हिंडणाऱ्या बहुतेक कोळ्यांत श्वासनळीचं तोंड या बोंडांना अगदी लागून असतं. अ‍ॅनिफेनिडींमध्ये ते पुढे सरकून साधारण खाच आणि बोंडं यांच्या मध्यावर येतं. या कोळ्यांच्या श्वासनळ्या भरपूर फाटे फुटलेल्या असतात आणि पोटातच न थांबता पुढच्या धडापर्यंत जातात. दिवसभर जाळ्यात बसून राहणाऱ्याला एवढ्या हवेची गरज नाही. रात्रभर पानोपानी धावणाऱ्याला आहे.

त्यांचे दोन-तीन नमुने डोळ्यांपुढे ठेवले की तुलना सोपी जाते. वुल्फिला साल्टाबंडस ही अमेरिकेच्या पूर्व भागातली जात, हेंट्झने १८४७ साली वर्णन केलेली: अंग चारेक मिलिमीटर, रंग फिकट पांढरा, पुढचे पाय अंगाच्या मानाने भलतेच लांब. युरोपात ओकच्या झाडांवर अ‍ॅनिफेना अ‍ॅक्सेन्टुआटा असते. तिचा नर मादीला बोलावताना पोट पानावर इतक्या वेगाने आपटतो की ती गुणगुण माणसाला ऐकू येते. आणि फ्लोरिडातल्या लिंबाच्या बागांतली हिबाना वेलॉक्स. लिंबाच्या कोवळ्या पानात नागमोडी चंदेरी रेषा काढणारी पानपोखरी अळी गोव्यातल्या परसातही घरोघर दिसते. हिबाना रात्री पानावरून फिरते, पापुद्र्याखालच्या अळीची हालचाल पायांना जाणवली की थांबते, पापुद्रा टोचून अळी तिथल्या तिथे शोषते किंवा पापुद्रा फाडून तिला बाहेर ओढते. त्याच बागांत हेच काम कायराकॅन्थियम नावाचा पिशवी-कोळीही करताना आढळला. आपल्या परसात जो ‘भूतकोळी’ म्हणून मिरवतो, तो बहुधा या कायराकॅन्थियमचाच नाहीतर क्लुबिओना या दुसऱ्या पिशवी-कोळ्याचा भाऊबंद असतो. घराणं वेगळं, धंदा तोच, कपडेही तसेच. म्हणून पोट बघायचं.

आता भिंग. डीसीआर-२५० ही स्वतंत्र लेन्स नाही, कॅमेऱ्यावर असलेल्या लेन्सच्या तोंडाला बसवायचं भिंग आहे. आत तीन काचा दोन गटांत बसवलेल्या, ताकद ८ डायॉप्टर (चष्म्याच्या नंबराचंच एकक), म्हणजे नाभीय अंतर (फोकल लेंग्थ) १२५ मिलिमीटर. या १२५ वरूनच सगळा हिशेब होतो. मूळ लेन्स अनंतावर, म्हणजे सर्वांत दूरच्या फोकसवर, ठेवली की तिचं नाभीय अंतर भागिले १२५ एवढं मोठेपण मिळतं. १२५ मिमीला १ पट, २०० ला १.६ पट, २५० ला २ पट. कॅननच्या एपीएस-सी सेन्सरची रुंदी २२.३ मिमी, म्हणजे १ पटीला चौकटीत साधारण २२ मिमीचा तुकडा मावतो आणि २ पटीला ११ मिमीचा. पाय पसरलेला अख्खा कोळी १ पटीला बसतो. नुसतं धड आणि पोट हवं असेल तर २ पट. सात मिलिमीटरचं अंग तेव्हा चौकटीचा दोनतृतीयांश भाग व्यापतं आणि मधली फट एका स्पष्ट आडव्या रेघेसारखी दिसते.

म्हणजे दिसते. पण अटी आहेत, आणि त्या विकत घेण्याआधी कळायला हव्यात.

पहिली अट लेन्सची. कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या १८-५५ वर हे भिंग लावून उपयोग नाही. ५५ मिमीला जेमतेम ०.४४ पट मिळते आणि झूम मागे घेतला की चारी कोपरे काळे पडतात. ५५-२५० किंवा ७०-३०० अशी साधी टेलिफोटो हवी. तीही प्रकाशाला कमजोर असली तरी चालते, कारण इथे आपण एफ/११ च्या खाली, म्हणजे त्याहून मोठ्या छिद्रावर, जाणारच नाही. बरेच जण ‘१८-५५ वर लावून बघितलं, काही खास नाही’ असं म्हणून हे भिंग विकायला काढतात. त्यांनी चुकीच्या लेन्सवर लावलेलं असतं.

दुसरी अट स्पष्टतेच्या जाडीची. २ पटीला एफ/११ वर जेवढा थर स्पष्ट येतो त्याची जाडी साधारण एकदशांश मिलिमीटर. एफ/१६ ला दीडदशांश. कोळ्याचा पाय याहून जाड असतो. फटीवर फोकस आला की बोंडं धूसर, बोंडांवर आला की फट गेली. मात्र एक फायदा लोक विसरतात. खरी मॅक्रो लेन्स २ पटीपर्यंत ताणली की आकड्यावर एफ/११ दिसत असला तरी सेन्सरपाशी तो एफ/३३ च्या आसपास गेलेला असतो. प्रकाशही तेवढा घटतो आणि विवर्तनाने, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने, चित्र मऊ पडतं. इथे मूळ लेन्स अनंतावरच असल्याने एफ/११ म्हणजे एफ/११. त्यामुळे एफ/१४, एफ/१६ पर्यंत निर्धास्त जावं, आणि फ्लॅशची बॅटरीही जास्त टिकते.

तिसरी अंतराची. भिंगाच्या काचेपासून कोळ्यापर्यंत साधारण ११-१२ सेंटीमीटर राहतात, मूळ लेन्स ५५ मिमीला असो की २५० ला. फोनच्या चिमट्याच्या भिंगांना दोन-तीन सेंटीमीटरवर जावं लागतं. ऑलिम्पसच्या टीजी-६ मध्ये मायक्रोस्कोप मोड आहे, तो तर काचेपासून १ सेंटीमीटरपर्यंत नेतो. गोगलगाय, बुरशी, शेवाळ यांना टीजी-६ सारखा कॅमेरा नाही, आणि पावसात तो बिनधास्त भिजतो. पण पिशवी-कोळी १ सेंटीमीटरवर आलेल्या काचेची वाट बघत बसत नाही. ११ सेंटीमीटरमध्ये फ्लॅशचा उजेड बाजूने आत शिरायला जागा राहते आणि कोळ्यालाही आपण अंगावर आल्यासारखं वाटत नाही.

बसवणं सोपं आहे, इतकं सोपं की तिथेच गडबड होते. भिंगाबरोबर दोन्ही बाजूंना दाबायचे पंख असलेला चिमटा येतो, तो ५२ ते ६७ मिमीच्या फिल्टरच्या आट्यांत बसतो. कॅननची ५५-२५० एसटीएम ५८ ची, म्हणजे थेट बसते. घरात टेबलावर हा चिमटा उत्तम. कुळागरात मात्र मिरवेलीत, केळीच्या सुकलेल्या पानांत हात घालताना पंख कशाला तरी लागून दाबले गेले तर भिंग सुटतं आणि खाली पाटाचं पाणी वाहत असतं. भिंगाच्या मागच्या बाजूला स्वतःचे ४३ मिमीचे आटे आहेत. ५८ वरून ४३ वर आणणारी साधी धातूची रिंग घेतली की चिमटा घरी राहतो आणि भिंग फिरवून घट्ट बसतं. पुढच्या बाजूला ४९ मिमीचे आटे आहेत. तिथे साधा यूव्ही फिल्टर लावावा, कारण पावसाळ्यात त्या काचेवर पाणी, चिखल आणि पानांचा चीक यांपैकी काहीतरी रोज लागणार. रिंग फार करकचून आवळू नये. दमट हवेत ती अडकून बसते आणि मग काढताना सगळा जोर लेन्सच्या पुढच्या नळीवर येतो.

फ्लॅशशिवाय हे भिंग घेण्यात अर्थ नाही, हे स्पष्टच सांगावं लागेल. रात्रीच्या कोळ्याला एफ/११ वर टॉर्चचा उजेड पुरत नाही. कॅमेऱ्याचा स्वतःचा उघडणारा फ्लॅशही इथे कुचकामी, कारण २५० ला बाहेर आलेल्या लेन्सच्या नळीची सावली नेमकी कोळ्यावर पडते. गोडॉक्स टीटी३५० सारखा दोन पेन्सिल सेलवर चालणारा छोटा फ्लॅश पुरतो. तो कॅमेऱ्यावरच बसवून वरून पुढे झुकणारा, भिंगाच्या तोंडापर्यंत येणारा पांढरा पडदा करायचा. दुधाच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या कॅनचा कापलेला पत्रा किंवा बटर पेपरचे दोन थर, मागे पुठ्ठ्याला अ‍ॅल्युमिनियम फॉइल. पडदा कोळ्याच्या जितका जवळ आणि जितका रुंद, तितकी अंगावरची चमक मऊ. शटर १/१६० किंवा १/२००, आयएसओ २००, फ्लॅश हाताने ठरवलेला: पूर्ण ताकदीच्या १/१६ पासून सुरुवात.

फ्लॅश आपोआपवर ठेवला तर फिकट कोळ्याचं हमखास पीठ होतं. मीटरला चौकटभर गडद हिरवं पान दिसतं, तो उजेड वाढवतो आणि मधला पांढरा जीव जळून जातो. पाठीवरची फिकट लव, पायांची टोकं, सगळं एकच पांढरं. फ्लॅश पाऊण ते एक स्टॉप खाली आणावा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). स्क्रीनवर फोटो जरा काळपट वाटला तर बरोबर आला असं समजावं. पांढऱ्या जिवात तपशील राहिलेला असतो, पान नंतर उजळता येतं. उलट करता येत नाही.

फोकसला हात लावू नये. मूळ लेन्स मॅन्युअलवर, अनंतावर ठेवून सोडून द्यायची. मोठेपण झूमने ठरवायचं आणि फोकस अंग पुढेमागे करून साधायचा. डाव्या हाताने पानाचा देठ धरायचा, त्याच मुठीवर लेन्सची नळी टेकवायची. म्हणजे पान हललं तरी कॅमेराही त्याच्याबरोबर हलतो. अशा स्थितीत थोडं पुढे सरकत आठ-दहा फ्रेम घेतल्या की त्यांतल्या चार-पाच एकमेकींवर रचून पूर्ण पोट स्पष्ट करता येतं. त्यासाठी फ्लॅश १/१६ च्या वर चढवू नये, नाहीतर पुढच्या फ्रेमपर्यंत तो भरत नाही आणि मधल्या दोन फ्रेम काळ्या येतात.

फट दिसायची तर कोळ्याचं पोट आपल्याकडे यायला हवं, आणि तो स्वतःहून पाठच देणार. इथे या कोळ्यांचा स्वभावच मदतीला येतो. जाळं न विणणाऱ्या या मंडळींच्या पायांच्या टोकाला, नख्यांखाली, केसांचा झुपका असतो. त्यामुळे ते गुळगुळीत काचेवरून सरळ चढतात. कोळ्याला सपाट पारदर्शक डबीत घेतलं की तो थोड्या वेळात झाकणाच्या आतल्या बाजूने उलटा चालू लागतो आणि पोट थेट भिंगासमोर येतं. दाबावं लागत नाही, गुंगी द्यावी लागत नाही. डबी उंच असेल तर तळाशी पांढऱ्या स्पंजची चकती घालून आतली उंची सात-आठ मिलिमीटरवर आणायची. स्पंज अंगाला टेकता कामा नये.

गोल बाटली घेऊ नये. वाकड्या काचेतून २ पटीला सगळं दुपदरी दिसतं. ओरखडे पडलेली प्लास्टिकची डबीही नको. फ्लॅश पडला की प्रत्येक ओरखडा पांढरा तारा होतो. पेट्री डिश उत्तम, नाहीतर मिठाईची पारदर्शक डबी, झाकण कापून त्यावर क्लिंग फिल्म ताणलेली. कॅमेरा झाकणाला काटकोनात आणि फ्लॅश बाजूने तिरका, साधारण ४५ अंशांत, म्हणजे चकाकी भिंगात येत नाही. डबी तळहातावर धरली तर उष्णतेने आत दव धरतं; कडेला बोटांनी धरावी. दोन-तीन मिनिटांत काम उरकून जिथून उचलला त्याच पानावर सोडावा.

या पद्धतीने डीसीआर-२५० घराण्यापर्यंत नेतं. फट बोंडांना चिकटलेली असेल तर घोस्ट स्पायडर नाही, विषय संपला. मग पाठीकडे वळावं. पायांची पहिली जोडी सर्वांत लांब, जबडे गडद, धडाच्या मध्यावर खाच नाही: कायराकॅन्थियम. पुढच्या दोन जोड्या खेकड्यासारख्या बाजूला पसरून एका जागी बसलेला फिकट कोळी म्हणजे खेकडा-कोळी. पायांवर उभे लांब काटे असतील तर लिंक्स-कोळी. समोर दोन टपोरे डोळे रोखून बघत असेल तर उडी मारणारा. हे सगळं १ पटीलाच कळतं. जात ठरवायला मात्र मादीच्या पोटावरची जननपट्टी किंवा नराच्या मुखाजवळच्या स्पर्शांगाचं टोक बघावं लागतं. तिथे २ पट अपुरी पडते. त्या कामाला स्टिरिओ मायक्रोस्कोप लागतो. या भिंगाच्या फोटोवरून छातीठोकपणे जातीचं नाव लिहिणाऱ्यांवर फार विसंबू नये.

कुठे बघायचं? फोंड्याकडच्या सावईवेरे-केरीच्या कुळागरांत माड, पोफळ, मिरवेल, जायफळ, केळ, हळद असे एकावर एक थर असतात. टॉर्च घेऊन जाणाऱ्याने वर बघू नये. गुडघ्यापासून खांद्यापर्यंतच्या पट्ट्यात, रुंद पानांच्या खालच्या बाजूला शोधावं. अंधार पडल्यावर तासाभराने सुरुवात करावी. जोराची सर येऊन गेल्यावर पानं ठिबकायची थांबली की हालचाल सुरू होते. टॉर्च कपाळावर नको तर डोळ्याच्या रेषेत धरावा. लांडगा-कोळ्यांचे डोळे हिऱ्यासारखे चमकतात म्हणून नजर जमिनीकडेच ओढली जाते. पिशवी-कोळी त्या मानाने फारच मिणमिणते, त्यांना पानावरच्या सावलीवरून हेरावं लागतं. टॉर्च पानाच्या वरच्या बाजूने मारला तर खालच्या कोळ्याची आकृती पानातून आरपार दिसते. हळदीच्या पातळ पानावर हे छान जमतं, जायफळाच्या जाड पानावर अजिबात नाही.

दुसरी जागा फुलाबाहेरच्या मधाची. चवळी, एरंड, काजू यांच्या देठांवर किंवा पानांवर बारीक ग्रंथी असतात आणि त्यांतून गोड थेंब पाझरतो. अमेरिकेत कापसाच्या शेतात हिबाना रात्री असे थेंब पिताना आढळली आहे. शिकारी असूनही या कोळ्यांना साखर चालते. एरंडाचं पान देठाला जिथे जुळतं तिथल्या बटणासारख्या गाठीवर २ पट लावून बघण्यासारखं असतं: चकचकीत थेंब, त्यात फ्लॅशच्या पडद्याचं पांढरं चौकोनी प्रतिबिंब, कडेला बुडवलेलं मुखांग. काजूवर मात्र आधी हुमले बघावेत. पानं शिवून घरटं करणाऱ्या या तांबड्या मुंग्यांचं राज्य असलेल्या झाडावर पानोपानी हिंडणारे कोळी कमी, आणि आपल्या मानेत चावे जास्त.

दिवसा शोधायचं तर छत्री उलटी धरून फांदीवर काठीने तीन-चार हलके टोले द्यावेत. इथे एक गंमत आहे. पुस्तकी सल्ला पांढऱ्या कापडाचा असतो, पण फिकट कोळी पांढऱ्यावर दिसतच नाहीत. आपली नेहमीची काळी छत्री या कामाला सरस. गुंडाळलेलं पान रेशमाने चिकटवलेलं दिसलं तर उघडू नये. आत बहुधा मादी अंड्यांवर बसलेली असते, आणि पान एकदा उघडलं की ते घर मोडलं. शिवाय कायराकॅन्थियम चावतो. जिवाला धोका नाही, पण गांधीलमाशीसारखी आग होते.

म्हादई, मोले, बोंडला, नेत्रावळी, खोतीगाव ही अभयारण्यं आहेत. तिथे परवानगीशिवाय रात्री फिरता येत नाही आणि कोळीसुद्धा डबीत उचलता येत नाही. वरची डबीची पद्धत परसासाठी, स्वतःच्या किंवा ओळखीच्या कुळागरासाठी. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात गोचिडीतून पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण सापडलेले आहेत. पाऊस संपल्यावरच्या कोरड्या महिन्यांत काजूच्या बागायतीत बसकण मारून फोटो काढायचे तर पूर्ण बाह्या, पायमोज्यात खोचलेली पँट आणि घरी आल्यावर गोचीड तपासणं, यात टंगळमंगळ नको. आणि पावसाळ्यात हात घालण्याआधी पानाच्या खालीवर उजेड टाकावा. घाटाच्या पायथ्याला मलबार पिट व्हायपर नेमका याच उंचीच्या झुडपांत बसतो, आणि त्याचा रंगही पानांत मिसळणारा असतो.

भिंगाची निगा गोव्यात निम्मं काम आहे. एसीच्या खोलीतून थेट बाहेर काढलं की काचेवर वाफ धरते. मूळ लेन्स आणि भिंग यांच्या मधल्या पोकळीतही धरते, ती तर पुसताही येत नाही. पिशवी बंद ठेवून अर्धा तास ओसरीवर ठेवावी, मग उघडावी. परत आल्यावर भिंग लेन्सवर तसंच चढवून ठेवू नये. दोन काचांमधली ओली हवा अडकून राहते आणि श्रावण सरेपर्यंत कडेला बुरशीचे तंतू उमटू लागतात. दोन्ही वेगळं करून, कोरड्या फडक्याने पुसून, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवावं. डब्यात छोटा आर्द्रतामापक टाकावा. ४० ते ५० टक्के ठीक. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर परतून पुन्हा निळे करता येतात, पण स्वयंपाकाची कढई वापरू नये, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं.

घ्यावं कुणी? ज्याच्याकडे टेलिफोटो आणि छोटा फ्लॅश आधीच आहे त्याने डोळे मिटून घ्यावं. खऱ्या मॅक्रो लेन्सच्या किमतीच्या लहानशा भागात ती जिथे थांबते त्याच्या दुप्पट मोठेपण मिळतं, कारण बहुतेक मॅक्रो लेन्स १ पटीला थांबतात. ज्याला कोळ्याची शिकार, चालणं, मीलन असं वागणं टिपायचं आहे त्याला २ पट अंगावर येईल. त्याने याच कंपनीचं डीसीआर-१५० बघावं: ४.८ डायॉप्टर, २५० मिमीला १.२ पट, आणि कोळ्यापासून अंतर जवळजवळ दुप्पट. ज्याच्याकडे फक्त फोन आहे त्याने कॅमेरा घेण्याआधी पेट्री डिश आणि हातात धरायचं १० पटीचं जवाहिऱ्याचं भिंग घ्यावं. फोटो मिळणार नाही, पण कोळी झाकणाखाली उलटा चालायला लागला की ती मधली रेघ आहे की नाही, हे डोळ्यांनी कळेल.